सखारामचा डावा पाय

शुक्रवारी भल्या सकाळी आमच्या उपनगराच्या नाक्यावर मी महाडची एसटी पकडली. पिशवीत दोन जोड कपडे, मैदान बचाव समितीच्या पत्रकांचा एक गठ्ठा आणि तळाशी, टॉवेलात गुंडाळलेलं एक पुस्तक. पुस्तकाचं नाव मी इथे लिहिणार नाही. मी कुणाची फुकट जाहिरात करत नाही.

पण विषय सांगावा लागेल. आमच्या मैदानावर एके काळी एका कंपनीचा फुटबॉल क्लब खेळायचा. कंपनी बंद पडली, क्लब बंद पडला आणि आता मैदानाचा अर्धा भाग पार्किंगच्या नावाखाली गिळला गेलाय. त्या क्लबातली निम्मी पोरं महाड-पोलादपूरच्या डोंगरातून कंपनीत कामाला आलेली. ती आता म्हातारी होऊन गावी परतली आहेत. पेडणेकर नावाच्या एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटरने त्यांना एकेक करून गाठलं, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि पुस्तक काढलं. तरुणपणी हा गृहस्थ मैदानाच्या डाव्या कडेला उभा राहून ओरडायचा. एवढीच त्याची पात्रता.

हे पुस्तक मी लिहिणार होते. नाव ठरलं होतं, मुखपृष्ठ ठरलं होतं, प्रस्तावनेत कुणाकुणाला झोडपायचं तेही ठरलं होतं. मुलाखती तेवढ्या राहिल्या होत्या. आणि या माणसाच्या पुस्तकात मैदान कुणी खाल्लं यावर एक ओळ नाही! लोक मात्र वाचतात आणि डोळे पुसतात. माझ्या पत्रकाने आजवर कुणी डोळे पुसले नाहीत. वडापाव खाऊन हात पुसलेले मी पाहिले आहेत.

कापडे गावाच्या वरच्या एका वाडीत रविवारी सखाराम सकपाळ यांचा सत्कार होता. क्लबचा डावा विंगर, पुस्तकातली सर्वांत मोठी मुलाखत त्यांची. प्रमुख पाहुणे अर्थातच पेडणेकर. मी ठरवलं, आपण आदल्या दिवशी पोचायचं आणि त्याने जे विचारलं नाही ते विचारायचं. चूक सापडली तर सोन्याहून पिवळं.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी लिहायला लागले तर प्रवास तिथेच संपेल. इतकंच सांगते की माणगावच्या पुढे एका खड्ड्यात गाडी अशी आपटली की पुढच्या बाकावरच्या आजींचा आंब्यांचा करंडा माझ्या मांडीवर आला. आजी म्हणाल्या, "धर गो, तुझ्याच नशिबात व्हतं." एक आंबा खरंच दिला.

महाडला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आधी चवदार तळ्यावर गेले. काठावर माणसं शांतपणे बसली होती. एक बाई मुलीला पाणी दाखवून हळू आवाजात काही सांगत होती. लढा म्हणजे काय ते इथे कळतं. ओंजळभर पाण्यासाठी माणसं चालत आली आणि देश हलला. खरं सांगायचं तर मला त्या माणसांचाही हेवा वाटला. आम्ही पार्किंगविरुद्ध सह्या गोळा करतो आणि लोक विचारतात, मग गाडी लावायची कुठे?

बाजारपेठेत वह्या-पेनांच्या दुकानात पाणी मागायला थांबले, तर समोर काचेत तेच पुस्तक! स्पर्धा परीक्षांच्या गाइडांशेजारी, उभं करून ठेवलेलं. दुकानदार कौतुकाने म्हणाले, "आपल्या भागातल्या माणसांवर आहे. संपत आली होती, परत मागवली." मी त्यांना माझी पत्रकं दिली. त्यांनी ती नम्रपणे घेतली आणि एक घडी करून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

दुपारी मिनिडोर रिक्षाने हिरकणीवाडीला गेले. रायगडाच्या पायथ्याची ही वाडी रोपवेच्या रांगेवर जगते. रांगेतली माणसं गडाकडे पाहून सेल्फी काढतात आणि ताक पितात. तिथे बाळाराम अण्णांची सरबताची टपरी आहे. हे क्लबचे गोलकीपर. उंच, वाकलेले, आणि हाताची बोटं अशी की प्रत्येक बोट वेगळ्या गावाला निघालेलं.

मी पुस्तकाचं नाव न घेता ओळख करून दिली. तरी ते म्हणाले, "म्हंजे त्या पेडनेकर काकांसारखाच तुझा काम?"

"त्यांच्यासारखं नाही," मी म्हटलं. "मी प्रश्न छापून आणलेत." आणि पहिला वाचला. "कंपनीने खेळाडूंचं शोषण कोणकोणत्या मार्गांनी केलं?"

अण्णांनी ग्लास विसळता विसळता विचार केला. "कंपनी आमाला दूध-अंडी द्यायची."

"ते झालंच, पण..."

"अंडी उकडलेली."

पुढचे प्रश्न वाचण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "पेडणेकरांनी काय विचारलं होतं?"

"त्यांनी?" अण्णा हसले आणि दोन्ही पंजे टपरीच्या फळीवर पसरले. "ते म्हनले, हात दाखवा. मंग एकेक बोट धरून इचारत गेले, हे कुनाच्या शॉटनं? हे कुनाच्या? दिस मावळला, पन बोटा संपली नाय."

मला इतका राग आला की माझं सरबत तसंच राहिलं. इतकी साधी गोष्ट! ती बोटं माझ्याही समोरच होती.

मुक्काम अण्णांच्या घरीच झाला. पिठलं, भाकरी, कैरीचं तक्कू. सकाळी निघताना मी सकपाळांकडे जातेय म्हटल्यावर अण्णांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "सखाकडं? जा जा. त्याचा डावा पाय बघ नीट," ते म्हणाले आणि बायकोकडे पाहून एकटेच हसत बसले.

पोलादपूरहून आत वळलं की रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो. मे महिना. शेतं रिकामी, मधे मधे काळे चौकोन. पावसाआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. भाताची रोपं मग त्याच काळ्या तुकड्यात उगवतात. कापड्यापर्यंत गाडी मिळाली. पुढे वाडीची चढण, आणि तिच्या पहिल्याच वळणावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. करवंदीच्या जाळ्यांमधून, एक चप्पल पायात आणि एक हातात, अशी मी वाडीत दाखल झाले. क्रांतिकारक प्रवेश म्हणता येणार नाही.

वाडीत निम्मी घरं मे महिन्यापुरती उघडलेली. मुंबईकर आले होते. देवळापुढच्या सहाणेवर (शिमग्यात पालखी टेकवतात तो दगडी चौथरा) उद्याच्या सत्काराचा मांडव चढत होता. सखाराम सकपाळांच्या अंगणात पाय ठेवला तसा आवाज आला, "ये गो पोरी, आधी पाय धू. चपलेला काय झाला?"

सखारामभाऊ दारातच होते. पांढऱ्या मिशा, भरदार आवाज. पडवीत त्यांचा धाकटा भाऊ येसू एका हातरीवर पाय लांब करून बसला होता. गुडघे गेलेले. कोयत्याने करवंटी तासत होता, आमटी वाढायचा डाव बनवायला. घरात काकी, म्हणजे सखारामभाऊंची बायको. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी असं जेवण माझ्यापुढे आलं आणि सखारामभाऊ सुरू झाले.

काय बोलायचा हा माणूस! पावसात खेळलेली फायनल, चिखलात रुतलेला बॅक, कॉर्नरवरून थेट गोलात वळवलेला चेंडू. हातवारे असे की मी भाकरीचा तुकडा हातातच धरून राहिले. मधेच येसूकाका मान वर न करता म्हणायचे, "चिखल त्या म्याचला नाय. त्या आधीच्या." सखारामभाऊ म्हणायचे, "हां, आधीच्या," आणि पुढे जायचे. मी मनात नोंद केली: आठवण कच्ची, भाऊ दुरुस्त करतो. पेडणेकरांनी हे गाळलंय.

तेवढ्यात काकी उद्याच्या नारळांचं पोतं घेऊन आतून आल्या. पोत्याचं तोंड सुटलं. नारळ पडवीभर घरंगळले आणि एक, चांगला मोठा, अंगणाच्या पायरीकडे निघाला. सखारामभाऊ दोन्ही हात पुढे करून त्याच्यामागे धावले, कोंबडी पकडायला धावावं तसे. नारळ त्यांच्या हातांखालून निसटला.

बसल्या जागी येसूकाकांचा डावा पाय बाहेर आला. बघायला मानसुद्धा वळली नाही. तळव्याखाली नारळ गप्प. मग अंगठ्याने तो मागे ओढला, पावलावर घेतला आणि वर उडवला. नारळ त्यांच्या हातात आला तेव्हा दुसऱ्या हातात करवंटी तशीच होती.

"भावजी!" काकी कडाडल्या. "उद्याच्या पूजेचा नारळ! पायानं?"

सखारामभाऊंनी घाईने नारळ घेतला, कपाळाला लावला आणि पुटपुटले, "त्याच्या पायाला माफ हाय." मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि आवाज एकदम मोठा. "चहा टाक गो! पोरगी कवाची बसलीय."

येसूकाका उठले, भिंत धरून आत गेले.

मी पिशवीतून पुस्तक काढलं. क्लबचा जुना फोटो. खाली बसलेल्या रांगेत डावीकडचा पहिला, नाव छापलेलं: सखाराम सकपाळ. कान बाहेर आलेले, हनुवटीला खळगा. समोरच्या सखारामभाऊंच्या हनुवटीला खळगा नव्हता. नुकताच आत गेला त्या माणसाच्या होता.

माझ्या आनंदाला काय सांगू! सबंध पुस्तकातली सर्वांत मोठी मुलाखत एका अशा माणसाची, जो कधी मैदानात उतरलाच नाही! त्या रात्री शेजारच्या घरात अंथरुणावर पडल्या पडल्या मी पत्रकाचा मथळा रचला. 'बोगस विंगर, आंधळा लेखक.' वाडीत रेंज नव्हती, नाहीतर तो तेव्हाच सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला असता.

रविवारी सकाळी पेडणेकर आले. मी डरकाळ्या फोडणारा कुणी कल्पिला होता. हा तर बुटका, घामेजलेला, खांद्याला कापडी पिशवी लावलेला माणूस. बायका घराघरातून हाक मारत होत्या, "काका, पानी पिऊन जावा." मला काल कुणी असं विचारलं नव्हतं. मी त्यांना मांडवाच्या मागे गाठलं आणि सरळ विचारलं, "तुमचा विंगर खोटा आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?"

ते रुमालाने मान पुसत राहिले. "येसू ना? माहीत आहे की. मी डाव्या कडेला उभा असायचो, बाई. त्याचा चेहरा नाही ओळखणार? पहिल्या भेटीतच ओळखला."

"मग तुम्ही वाचकांची फसवणूक केलीत!"

"येसू म्हणाला, लिहू नका. मग काय करणार?"

"पुस्तक काढायचं नाही!"

"हां," ते विचार करून म्हणाले, "तेही करता आलं असतं." आणि वाद घालायला मी तोंड उघडणार, तोवर त्यांना कुणीतरी चहाला ओढून नेलं. माझा बॉम्ब त्यांच्या खिशात आधीपासून होता, आणि त्यांनी तो रुमालासारखा ठेवला होता.

सभा सुरू झाली. गणपती, आरती, मुंबई मंडळाच्या अध्यक्षांचं लांबलचक प्रास्ताविक. मग ते म्हणाले, मुंबईहून एक ताई आल्यात, त्यांनी दोन शब्द बोलावेत. माईक हातात आला की मी थांबत नाही. ते माझं शिक्षण आहे.

"ज्यांचा सत्कार होतोय," मी म्हटलं, "ते कधी फुटबॉल खेळलेले नाहीत. खरा खेळाडू तिथे मागे खांबाला टेकून बसलाय!"

मांडवात बायकांच्या बाजूने खसखस पिकली आणि सगळी वाडी हसायला लागली. एक म्हातारी ओरडली, "आगो बाय, आमाला म्हायत हाय! तुला आज समाजला?"

"पुस्तकात तर..."

"पुस्तकात कोन र्‍हातंय? वाडीत आमी र्‍हातो!"

मी माईक धरून उभी. सखारामभाऊ उठले, माझ्या हातातून माईक घेतला. रागावले नव्हते, लाजले होते.

"कंपनीत घ्यायचे त्यांना शाळेचा दाखला लागायचा," ते म्हणाले. "येसूकडं दाखला नव्हता. हा शाळेत जायचाच नाय, आंबं पाडायचा. दाखला माझा व्हता. पन बाबा आजारी, शेती कोन करनार? मंग मी र्‍हायलो आन माझा दाखला घेऊन हा गेला. सखाराम म्हनून. आता सांगा, एकट्या येसूनंच ह्या केला का? ह्या वाडीतल्या अर्ध्या घरात दुसऱ्याच्या नावावर मुंबय केलीय."

"माझा बाप त्याच्या मेव्हन्याच्या नावावर व्हता," मागून कुणीतरी अभिमानाने सांगितलं.

"पन एक हाय," सखारामभाऊ म्हणाले, "शिमग्याला हा गावाला आला का सगळी म्याच मला सांगायचा. कुठं उभा व्हतो, कोन आडवा आला. म्हनायचा, तुझ्या नावावर खेळलोय, तुला म्हायत पायजे. कोनी इचारला तर?"

येसूकाकांना माईक नेऊन दिला. त्यांनी तो भाजीतल्या शेंगेसारखा उलटासुलटा पाहिला.

"पयल्यांदा मैदानात लोक सखा, सखा वरडले," ते म्हणाले, "तवा मी मागं वळून बघितला, दादा आला का काय. बॉल गेला. सायब लय बोलला." वाडी हसली. "पाय माझे व्हते, नाव दादाचा. पाय आता चालत नाय. नाव चालतंय. मंग शाल कोनाला घालाल? आन मे महिन्यात शाल पायजे कोनाला!"

हशा थांबेना. शाल सखारामभाऊंच्या खांद्यावर पडली. अध्यक्षांनी नारळ पुढे केला, तेव्हा येसूकाकांनी हात लांब केला. "तो मात्र मला द्या. आमची कालच वळख झालीय."

नंतर पडवीत मी येसूकाकांना विचारलं, हे लिहू का? आवाज माझ्या सवयीपेक्षा बराच खाली होता.

"लिही गो बिनधास्त. कंपनी गेली, सायब गेले, दाखला आता कोन बघतोय? पेडनेकरांना नको बोललो व्हतो, पन तू तर माईकवरच वाजवलास." ते हसले. "पयला नाव दादाचा घाल." म्हणून या लेखाचं शीर्षक असं आहे. मला ते अजूनही अर्धं खोटं वाटतं. पण शब्द दिला तो दिला.

सोमवारी सखारामभाऊंनी सुंभाने बांधून दिलेल्या चपला घालून मी कापड्याला उतरले. परतीला पेडणेकर बरोबर होते, त्याला इलाज नव्हता. महाडच्या आगारात मुंबईची गाडी उशिरा होती. दोघं एका बाकावर बसलो. ते म्हणाले, "दोघं भाऊ ती गोष्ट एकत्र सांगतायत, हे ऐकायला मी किती खेपा घातल्या. मला नाही मिळालं ते. तू गेलीस, बोंब मारलीस आणि घेऊन आलीस. खरं सांगू? हेवा वाटला तुझा."

या सबंध प्रवासात मला इतकं बरं कशानेच वाटलं नव्हतं. महाडचं ऊनही गार लागलं. तो आनंद मी मनसोक्त उपभोगला, आणि त्याच भरात, न छापलेला एक प्रश्न माझ्या तोंडून निघून गेला.

"येसूकाका तो कॉर्नर मारायचे कसा? थेट गोलात वळायचा तो?"

पेडणेकर उठले. कापडी पिशवी बाकावर ठेवली. आगाराच्या फरशीवर, दापोली गाडीची वाट पाहणाऱ्या माणसांच्या मधे, ते थोडे मागे गेले. बुटका माणूस एकदम हलका झाला. खांदा पडला, उजवा पाय रोवला गेला आणि डावा आतून बाहेर असा फिरला की चप्पल सुटून कंट्रोलरच्या खिडकीखाली जाऊन पडली. लोक हसले. त्यांचं लक्ष नव्हतं. ते वर बघत होते. नजर आगाराच्या छपरावरून वळत वळत गेली, जरा थांबली आणि खाली आली. मग त्यांचे दोन्ही हात आपोआप वर गेले.

मीही तिकडे पाहिलं होतं, मान ताणून. मला छप्पर दिसलं, त्यावरची कबुतरं दिसली.

गाडीत ते लगेच झोपले. मी पत्रकांचा उरलेला गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते. मैदान आम्ही वाचवू. मी अजूनही तितकीच भांडेन, जास्तच भांडेन. उद्या पार्किंग हटेल, गवत उगवेल, पोरं खेळायला येतील. पण तो डाव्या कडेचा कोपरा मी मोकळा करून घेतला तरी तिथून सुटलेला तो चेंडू याच्याच डोळ्यांत आहे, आणि हा माणूस माझ्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून घोरतोय.